अर्ध्या अस्वलाचा हंगाम

परवा कारखान्याचा भोंगा वाजला आणि पाठोपाठ मळीचा वास गावावर उतरला. पाहुणे ह्या वासाला नाक मुरडतात. आम्हाला त्या वासावरून एवढंच कळतं, की आता चार-साडेचार महिने उसाच्या ट्रॉलीपासून दोन हात लांब चालायचं आणि रस्त्यावर बोलताना आवाज चढवायचा, कारण प्रत्येक ट्रॅक्टरवर गाणी लावलेली असतात. रस्त्यात उसाची टिपरं पडतात, त्यांवरून मोटरसायकल घसरते, कुत्री ती चघळत बसतात. हवेत जळक्या पाचटाची काळी फुलं तरंगतात आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर नेमकी येऊन बसतात. गळीत हंगाम सुरू झाला. वजनकाट्यावरचा माझा हा चोविसावा.

काट्याचं काम सांगायला सोपं आहे. ऊस भरलेली गाडी येते, तिचं वजन घ्यायचं. ती कारखान्याच्या गव्हाणीत ऊस उतरवून रिकामी परत येते, पुन्हा वजन घ्यायचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की निव्वळ ऊस. एवढ्या सोप्या कामात माणसं काय काय करू शकतात, हे इतकी वर्षं पाहून माझा स्वभाव जसा व्हायचा तसा झाला आहे. सगळ्यात जुनी युक्ती ड्रायव्हरची. भरलेली गाडी तोलताना तो केबिनमध्ये बसून राहतो आणि रिकामी तोलताना उतरून चहाला जातो. सत्तर किलोचा माणूस उसात जमा होतो. म्हणून मी खिडकीतून वाकून आधी केबिन बघतो, मग आकडा.

बाबुराव नावाचा एक ट्रॅक्टरवाला ह्यावरून मला दर हंगामात टोमणा मारतो.

"क्लार्कसायेब, माज्यावर इस्वास न्हाई व्हय?"

"तुझ्यावर आहे. तुझ्या वजनावर नाही."

"वजन बी माजंच हाय की."

"म्हणूनच म्हणतो, माणूस आधी बाजूला काढायचा. मग राहील तो ऊस."

हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन ह्याची गणती नाही. ते माझ्या हाडात मुरलंय. ते कुठे कुठे निघतं, हे मला दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात कळलं.

त्या दिवाळीला माझी मुलगी सायली पुण्याहून आली. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. एसटीतून उतरताना तिच्या हातात होस्टेलवरची बादली होती. सुट्टीला येणारी मुलगी कपडे आणते, मळकी चादर आणते, फार तर रिकामे डबे आणते. बादली आणत नाही. बादली आणणारीला परत जायचं नसतं. मी त्याच दिवशी बायकोला, मंगलला, हे बोललो. ती म्हणाली, "बादलीला भोक पडलं असंल." मी मोरीत जाऊन पाणी भरून पाहिलं. गळत नव्हती.

दिवाळी संपली. भाऊबीज झाली, पाहुणे गेले, फराळाचे डबे तळाशी आले. सायली गेली नाही. विचारलं तर म्हणायची, "बरं वाटत नाही." ताप नव्हता, मी दोनदा थर्मामीटर लावला. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत डिसेंबरअखेर होती. तो फॉर्म भरला नाही तर वर्ष जाणार, आणि एकदा गेलेलं वर्ष मुलींच्या बाबतीत परत येतंच असं नाही, हे मी गावात पाहिलेलं होतं. म्हणजे हातात सहा आठवडे. ती मात्र जेवायची, भांडी घासायची, आणि विचारलं की भिंतीकडे बघायची. मी मनात सगळ्या शक्यता मांडल्या. एखादा मुलगा असेल. नापास झाली असेल. कुणी त्रास दिला असेल. प्रत्येक शक्यतेसाठी मी एकेक प्रश्न तयार केला आणि जेवताना आडून आडून विचारला. तिनं एकाचंही उत्तर दिलं नाही. माझा संशय फक्त वाढला.

त्यात तो हंगामच संशयाचा होता. आमच्या मागच्या बाजूचा ऊस तुटायला आला होता. पाथर्डीकडची ऊसतोड टोळी पाचटाच्या कोप्या टाकून उतरली होती. ऊस चारी बाजूंनी तुटत आत जातो आणि शेवटी मधे एक चौक उरतो, खोलीएवढा. त्या चौकापाशी आले की कोयते मंदावतात. आत काही असलं तर ते आता तिथेच असणार, हे सगळ्यांना माहीत असतं. बाया पोरांना बांधावर बसवतात, कुणी डबा वाजवतं, कुणी उगाच खाकरतं. त्या वर्षी दोन गाड्यांच्या ड्रायव्हरांनी बिबट्या पाहिला होता आणि पन्नास माणसांनी ऐकला होता. बाबुराव मला सांगत होता, "सायेब, रस्ता वलांडून गेला बघा. लई मोठा. म्हशीएवडा." मी विचारलं, रेडकाएवढा की म्हशीएवढा? तो विचारात पडला. माझ्या घरामागच्या चिखलात ठसे उमटले तेव्हा मी पट्टी घेऊन गेलो. लांबी साडेसहा सेंटिमीटर, आणि पुढे नखांच्या चार खुणा. बिबट्या नखं आत ओढून चालतो. ते कुत्रं होतं. हे सांगूनही शेजाऱ्यांनी आठ दिवस शेळ्या घरात बांधल्या. पुढे पिंजऱ्यात खरोखरच एक सापडला. ताडपत्रीच्या फटीतून मला त्याचा एक डोळा आणि थोडी पाठ दिसली. माझ्या अंदाजाने तो शेळीपेक्षा फार मोठा नव्हता. भीतीचं वजन नेहमी भरलेल्या गाडीचं असतं.

ह्याच दिवसांत मला पेपराच्या घडीत एक कागद सापडला. सायलीचं अक्षर. "पहारेकरी दोन. एक झोपाळू. रेश्मा कुलूप उघडेल. आई छपरावर." मी तो चार वेळा वाचला आणि खिशात ठेवला. रेश्मा म्हणजे सायलीची शाळेपासूनची मैत्रीण, गावातल्या मेडिकलमध्ये काम करते, अत्यंत सरळ मुलगी. पण सरळ माणसं मी काट्यावर पुष्कळ पाहिली आहेत. दोन दिवस कागद खिशात बाळगून शेवटी मी मंगलला विचारलं,

"तू छपरावर कशाला जाणार आहेस?"

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "कुरडया वाळत घालायला."

"वाळवणाला अजून चार महिने आहेत."

"मग चार महिन्यांनी जाईन."

रविवारी मी सकाळपाळी करून अडीचला घरी आलो, तर पुढच्या खोलीचं दार लोटलेलं. आत तिघी सतरंजीवर बसलेल्या. मधे पेनाने चौकटी आखलेला मोठा कागद, त्यावर हरभऱ्याचे दाणे, दोन खडे आणि एक सुपारी. मंगलच्या मांडीवर मटारची परात होती. ती मटार सोलत म्हणत होती, "मी त्याच्या गळ्यात बाण मारते." आणि सायली हसत होती. भाऊबीजेनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

सुपारी म्हणजे झोपाळू पहारेकरी होता. हा एक खेळ आहे, एवढं मला त्या दिवशी समजावून सांगण्यात आलं. कॉलेजातली मुलं तासन् तास खेळतात. एकजण गोष्ट सांगतो आणि संकटं उभी करतो, ते काम सायलीचं. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. प्रत्येकाचा एक कागद, त्यावर ताकद, चपळाई, शहाणपण अशा गोष्टींचे आकडे, आणि किती मार सोसता येईल त्याचा एक आकडा, त्याला मी जीव म्हणतो. जमतंय की नाही ते फासे ठरवतात. रेश्मा चोर झाली होती. मंगल तिरंदाज झाली होती, कारण तिच्या मते लांबून मारलेलं बरं.

"पण काका, आमच्यात पुढं उभं राहणारं कुणीच नाही," रेश्मा म्हणाली. "दोघी मागं लपतो. पहिला फटका कुणी खायचा?"

"पप्पांना घेऊ," मंगल म्हणाली. घरात ती मला मुलीसारखं पप्पाच म्हणते. "त्यांना सवय आहे दारात उभं राहायची."

मी हो म्हटलं ते खेळासाठी नव्हे. मुलगी जिथे बोलते तिथे जाऊन बसावं, काहीतरी निसटेल, असा माझा साधा हिशोब होता.

पुढे उभं राहायचं तर साधा शिपाई घेता आला असता. ढाल, तलवार, चिलखत. पण नियमांच्या छापील पानांत मला एक विचित्र प्रकार सापडला. त्याला ड्रुइड म्हणतात. रानात राहणारा, झाडपाला जाणणारा, आणि वाटेल तेव्हा जनावर होणारा माणूस. त्यातही एक पंथ असा, की जो लांबून मंत्र न टाकता जनावराच्या रूपात समोरासमोर भिडतो. नियम म्हणत होता: माणसाचा जीव वेगळा, जनावराचा वेगळा. जनावराचा जीव संपला की तो परत माणूस होतो आणि माणसाचा जीव जसाच्या तसा शिल्लक. एका देहात दोन साठे. मला हे ताबडतोब खटकलं. कुठेतरी एकच गोष्ट दोनदा मोजली जात होती. खोट कुठे आहे ते आत शिरल्याशिवाय सापडणार नाही, म्हणून मी ड्रुइडच घेतला.

त्याची बांधणी मी आठवडाभर केली. पाळीवरून आलो की जेवून ओट्यावर बसायचं, समोर तुटलेल्या उसाचं मोकळं रान, त्यात गुरांसाठी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करणाऱ्या बाया, आणि माझ्या मांडीवर वही. गुण वाटायला सत्तावीस अंक मिळतात. सगळे पुढचे लढवय्ये ते ताकदीवर उधळतात. माझ्या लक्षात आलं, की जनावर झाल्यावर ताकद जनावराचीच धरतात, माणसाची नाही. मग माणसाच्या ताकदीवर एक अंकही घालायचा कशाला? मी तिथे काहीच ठेवलं नाही. काटकपणावर घातले, शहाणपणावर घातले, कारण शहाणपण जनावरातही माणसाचंच राहतं. सायलीनं कागद पाहिला आणि म्हणाली, "पप्पा, हे बरोबर आहे. पुण्यात मुलांना हे कळायला महिना लागतो." मी वर पाहिलं नाही. पण ते वाक्य मी जपून ठेवलं आहे.

एक नियम असा, की ह्या माणसानं अंगावर धातू घालायचा नाही.

"का?"

"नियम आहे."

"कुणी केला?"

"पप्पा, तुम्ही काट्यावर ट्रॅक्टरवाल्यांना अशीच उत्तरं देता ना?"

देतो, हे खरं होतं. मी चामड्याचं चिलखत लिहिलं.

दुसरा नियम मला मनापासून पटला. ह्या माणसाला फक्त त्याच जनावराचं रूप घेता येतं जे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ऐकीव चालत नाही. आता प्रश्न माझा होता. गोष्टीतल्या माणसानं काय पाहिलं ते मी ठरवू शकत होतो, पण मला ते अप्रामाणिक वाटलं. मी काय पाहिलं होतं? बिबट्या, ताडपत्रीच्या फटीतून. त्याचा जीव पुस्तकात तेरा. लांडगा मी नक्की पाहिला होता. मी मूळचा दुष्काळी पट्ट्यातल्या कर्जतचा. आमच्या माळावर मेंढपाळांच्या वाड्यांमागे लांडगे फिरायचे. संध्याकाळी पिवळं गवत आणि पिवळं जनावर एकच दिसायचं. एखादा गवताचा पट्टा वाऱ्याच्या उलट हलला की समजायचं. माझे वडील बोट न दाखवता सांगायचे, "बग, पर धावू नगं." पुस्तकातल्या लांडग्याचा जीव अकरा. पुढे उभं राहायला तो अपुरा.

अस्वलाचा चौतीस. हल्ले दोन, एक दातांचा, एक पंज्यांचा. सरासरीत सगळ्यांना मागे टाकणारा. अस्वल मी पाहिलं होतं का? पाहिलं होतं. लहानपणी बाजाराच्या दिवशी दरवेशी घेऊन यायचा. नाकात वेसण, तोंडाला चामड्याची जाळी, दोरी ओढली की ते मागच्या पायांवर उभं राहायचं. अंगाला जुन्या गोधडीचा वास. आया पोरांना त्याच्या पाठीवर बसवायच्या, भीती जाते म्हणून. मलाही बसवलं होतं. खाली एक मोठं गरम शरीर होतं, आणि ते थरथरत होतं. मी तेव्हा सहा वर्षांचा असेन. घाबरलेलं कोण आहे हे मला कळलं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

हे पाहिलेलं धरायचं का, असं मी सायलीला विचारलं. वेसण घातलेलं अस्वल पाहणं, हे अस्वल पाहणं होतं का? तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत."

"विचारलं नाहीस."

"धरा," ती म्हणाली. "पाहिलंच आहे तुम्ही."

फासे तिनं पुण्याहून आणलेले. मुख्य फासा वीस बाजूंचा. वापरण्याआधी मी तो दोनशे वेळा टाकून पाहिला आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उभ्या रेघा मारल्या. प्रत्येक आकडा दहाच्या आसपास यायला हवा. सतरा सोळा वेळा आला. त्या फाशावर माझी आजही नजर आहे.

आणि मग तो कागद भरताना मी माझं वाक्य लावलं. माझ्या माणसाचा जीव सतरा होता. अस्वलाचा चौतीस. पण अस्वलाच्या आत माणूस बसलेला आहे. तो नंतर बाहेर येणार आणि त्याचे सतरा वेगळे धरले जाणार. म्हणजे चौतीस हे भरलेल्या गाडीचं वजन झालं. माणूस आधी बाजूला काढायचा. चौतीस वजा सतरा, सतरा. निव्वळ अस्वल सतरा. खोट सापडली ह्या समाधानात मी ती दुरुस्त करून टाकली, आणि कागद कुणाला दाखवला नाही, कारण आपला आकडा दुसऱ्याला दाखवायचा नसतो.

चार रविवार खेळलो. मी पुढे उभा राहायचो आणि लवकर पडायचो. रेश्मा म्हणायची, काका, तुमचं नशीब वाईट. मी फाशाकडे बघायचो. एक गोष्ट मात्र मला त्या रूपात आवडू लागली होती. जनावर झाल्यावर बोलता येत नाही. सगळं ऐकू येतं, समजतं, पण प्रश्न विचारता येत नाही. सायली हा नियम कडक पाळायला लावायची. मी तोंड उघडलं की म्हणायची, "अस्वल." मी गप्प. त्या शांततेत मला प्रथमच दिसलं, की बोलताना ती उजव्या हाताचं नख डाव्या अंगठ्यात रुतवते. तिथे लहानशी जखम झाली होती. ती कधीपासून होती मला माहीत नाही. मी दिवाळीपासून प्रश्न विचारत होतो आणि हात पाहिला नव्हता.

चौथ्या रविवारी पुलावरची लढाई झाली. पलीकडून दोन राक्षस आले. मागे मंगल आणि रेश्मा, मधे मी. पहिल्या राक्षसानं नऊ मारले. दुसऱ्यानं आठ. मी कागदावर वजाबाकी केली आणि म्हटलं, "पडलो. माणूस झालो."

"कसे पडलात?" सायली म्हणाली. "सतराच लागलेत."

"सतराच होते."

"अस्वलाचे चौतीस असतात, पप्पा. कागद बघू."

मी कागद छातीशी धरला. मंगलनं तो माझ्या हातातून सरळ ओढून घेतला आणि लेकीला दिला. सायलीनं ती वजाबाकी पाहिली. आधी तिला समजलं नाही.

"हे सतरा कशाचे काढले?"

"माणसाचे. माणूस आत आहे ना."

रेश्मा तोंडावर ओढणी धरून आडवी झाली. मंगल म्हणाली, "म्हणजे चार रविवार हे अर्ध्या अस्वलानं लढतायत." तिच्या परातीतले मटार सतरंजीभर घरंगळले.

सायली हसली नाही. तिनं वजाबाकीवर बोट ठेवलं होतं. "ह्यात तुमचाच तोटा होता," ती म्हणाली. "लबाडी करतोय असं कुणीच म्हटलं नसतं. तरी स्वतःलाच कापलंत."

"मला तसं बरोबर वाटलं."

"दुसऱ्या कुणाचा कागद असता तरी?"

"तरीही हेच केलं असतं."

तिनं मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला नाही.

सोमवारी पाळी संपवून आलो तेव्हा ती मागच्या पायरीवर ऊस सोलत बसली होती. म्हणाली, "पप्पा, एक सांगायचंय. पूर्ण ऐका. मधे आकडे विचारायचे नाहीत."

दिवाळीआधी कॉलेजात तिच्यावर कॉपीचा आरोप झाला होता. प्रयोगाचा एक मोठा अहवाल प्रत्येकानं स्वतंत्र करायचा होता. तिचा आणि आणखी एका मुलीचा अहवाल जुळला. तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. ती म्हणाली मी केलेलं नाही, दुसरीही तेच म्हणाली. चौकशी होईपर्यंत फॉर्म अडवला, आणि पालकांना घेऊन या म्हणून सांगितलं. ती पालकांकडे आली, बादली घेऊन, आणि सांगू शकली नाही.

"का नाही सांगितलं?"

"तुम्ही आधी तपासलं असतं."

माझ्या तोंडात प्रश्न तयार होते. किती पानं जुळली? कुणी आधी दिला? तारीख? मी उसाचं एक टिपरू उचललं आणि चावत बसलो. शेवटी एवढंच विचारलं, "आईला माहीत आहे?"

"भाऊबीजेपासून. रेश्मालाही."

घरात सगळ्यात जास्त संशय घेणारा मी, आणि एकट्या मलाच काही माहीत नव्हतं. पुढं उभं राहणारं कुणी नाही, हे त्या दोघी खेळाबद्दलच बोलत होत्या का, अशी एक शंका मला तेव्हापासून आहे. मी मंगलला एकदा विचारलं. ती म्हणाली, "तुमाला काय वाटतं?" आणि कपडे वाळत घालायला गेली.

आज सायली शेवटच्या वर्षाला आहे. तो फॉर्म मुदतीच्या आत भरला गेला, तिनं परीक्षा दिली, वर्ष गेलं नाही. चौकशीचं एका पानाचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की आरोप सिद्ध होण्याइतका पुरावा आढळला नाही. ह्याचा अर्थ तिनं केलं नाही असा होत नाही, हे मला कळतं. अशा वाक्यांतला फरक ओळखण्यातच माझी नोकरी गेली आहे.

पण मला आठवतो तो त्याआधीचा दिवस. आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं पुण्याला गेलो. विभागप्रमुख मॅडम वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या, बोलणं नीट होतं. त्यांनी टेबलावर दोन फायली ठेवल्या, एक निळी, एक हिरवी. म्हणाल्या, "मुलीचं म्हणणं आम्ही ऐकलंय. तुम्ही हिशोबाच्या कामातले आहात असं ती सांगते. तुम्हीच शेजारी शेजारी ठेवून बघा. कोष्टकं आहेत. तुम्हाला लगेच कळेल."

मला लगेच कळलं असतं. दोन कोष्टकं शेजारी ठेवली की पाच मिनिटांत मी सांगू शकतो, की ही दोन वेगवेगळ्या हातांनी मोजलीत की एकातून दुसरं उतरलंय, आणि कोणत्यातून कोणतं. चुका कशा चालत जातात ते मला माहीत आहे. त्या खोलीत ही गोष्ट मला आणि सायलीला माहीत होती. ती माझ्या उजवीकडे बसली होती. तिनं फायलींकडे पाहिलं नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती.

माझा हात निळ्या फायलीवर गेला होता. मी ती उचलून हिरवीवर ठेवली, दोन्ही एकसारख्या केल्या आणि मॅडमकडे सरकवल्या.

"ती म्हणते तिनं केलेलं नाही," मी म्हटलं. "मी एवढंच सांगायला आलोय."

"बघणार नाही?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडून ते लिहून घेतलं. मी सही केली. सही जरा वाकडी आली.

बाहेर कॅन्टीनमध्ये आम्ही चहा घेतला. मुलं येत-जात होती, दोघी-तिघी सायलीकडे बघून कुजबुजल्या, तिनं त्यांच्याकडे पाठ केली नाही. कप अर्धा झाल्यावर ती म्हणाली, "बघितल्या असत्या तरी चाललं असतं, पप्पा."

मी म्हटलं, "मला चाललं नसतं."